रुईची पानं खरी नकोत

सेक्रेटरी : गीता वर्गाच्या मुलांचं गुरुपौर्णिमेचं नाटक रविवारी संध्याकाळी ६:३० ला, क्लबहाउसमध्ये. पोडियमवर नाही, पावसात पत्र्याखाली एक शब्द ऐकू येत नाही. ८ वाजेपर्यंत गुरुजींना मोकळं करायचंय, त्यांची जेवणाची वेळ ठरलेली असते. विषय: धौम्य ऋषींचे तीन शिष्य. नेपथ्य, कपडे, साउंड यातलं ज्याला जे कळतं त्याने इथेच लिहा. फॉरवर्ड नकोत.

बी-२०३ : स्क्रिप्ट वाचलं. फुटलेल्या बांधात आडवा पडून पाणी अडवणारा आरुणी छान आहे. पण उपमन्यूचं काय? गुरू पोराची सगळी भिक्षा काढून घेतो, दूध बंद, वासरांच्या तोंडचा फेसही बंद. शेवटी पोरगं आंधळं होऊन विहिरीत. गुरुपौर्णिमेला गुरुजींसमोर हे दाखवायचं? आरुणीवरच थांबू या ना.

ए-१०१ आजोबा : थांबू नका, स्क्रिप्ट दुरुस्त करा. गोष्ट आदिपर्वातल्या पौष्यपर्वातली आहे आणि लिहिणाऱ्याने नेमकी त्यातली कारणं कापली आहेत. मुळात धौम्य दर वेळी आधी विचारतात : "वत्सोपमन्यो, केन वृत्तिं कल्पयसि? पीवानसि दृढम्।" म्हणजे बाळा, पोट कशावर भरतोस, चांगला गुटगुटीत दिसतोस की! मग कारण येतं. पहिली भिक्षा गुरूला दाखवल्याशिवाय खायची नाही. दुसरी फेरी मारलीस तर भिक्षेवर जगणाऱ्या इतरांचा घास जातो. दूध प्यायला मी सांगितलं नव्हतं. आणि फेस? वासरं गुणी, तुझी दया येऊन ती जास्त फेस टाकतात, म्हणजे स्वतः उपाशी राहतात. चारातली दोन कारणं दुसऱ्याच्या वाट्याची आहेत. ती काढली की उरतो फक्त छळ.

ए-१०१ आजोबा : एकेका प्रश्नोत्तराला ४५ सेकंद, चार मिळून तीन मिनिटं. "पीवानसि दृढम्" सगळ्या मुलांनी मागून एका सुरात म्हणायचं. तिसऱ्या वेळी लोक हसतील, हसू द्या. चौथ्या वेळी म्हणायचंच नाही, नुसती शांतता. आणि धौम्य करणाऱ्या मुलाला सांगा, आवाज चढवायचा नाही. धौम्य ओरडला की नाटक संपलं.

बी-२०३ : हे पटलं आजोबा. मग रुईची पानं मी आणते, शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर माळा मिळतात.

डी-५०२ : वहिनी, खरी रुई अजिबात नको! पान तोडलं की चीक येतो, हात डोळ्याला गेला की बुबुळाला इजा होते. त्यातही वाईट म्हणजे अनेकदा दुखत नाही, नुसतं धूसर दिसायला लागतं, त्यामुळे कळायला उशीर होतो. उपमन्यू रुईची पानं खाऊन आंधळा झाला हे उगाच लिहिलेलं नाही. पंधरा मुलं, तोंडाला रंग, घाम, सारखे डोळे चोळणार. कुणाच्या डोळ्यात गेलाच तर साध्या वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. घरातले ड्रॉप घालत बसायचं नाही.

डी-५०२ : पानं कार्डपेपरची करा. १२-१५ सेंमी लांब, रुंद, देठाशी जवळजवळ चिकटलेली. रंग गर्द हिरवा नको, रुईवर पांढरट लव असते, हिरव्यात बराच पांढरा मिसळा. १५ पानं पुरे.

बी-२०३ : बरं झालं विचारलं 🙏

ई-३०३ : रंगमंचाचं सांगतो. आपल्याकडे ८ बाय ४ फुटांच्या चार लेव्हल (जोडायचे चौथरे) आहेत, उंची दीड फूट. जोडून १६ बाय ८ होतात. पाय एकमेकांना सुतळीने घट्ट बांधा, नाहीतर दहा मिनिटांत मधे फट पडते आणि पोरांचा अंगठा नेमका तिथे जातो. वर सतरंजी, कडा खाली वळवून बांधायच्या. सेलोटेप लावू नका, घामाच्या पायांनी सुटतो.

ई-३०३ : बांध : मार्केट यार्डातून ८ रिकामी गोणपाटं, आत चुरगळलेली वर्तमानपत्रं, वरून गेरूचा हात. थर्माकोल नको, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पोती एका रांगेत, मधे तीन फुटांचं खिंडार. तिथे घडी घातलेली गोधडी आणि तिच्यावर आरुणी कुशीवर, तोंड प्रेक्षकांकडे. उताणा झोपला तर तिसऱ्या रांगेपासून फक्त त्याचं नाक दिसतं.

सी-६०४ : पाणी निळ्या कापडाचं ना दादा? साटीन आणू का?

ई-३०३ : साटीन हातातून निसटतं आणि लाइटखाली चमकतं. जुन्या जॉर्जेटच्या दोन साड्या द्या, एक गडद एक फिकी. साडी साडेपाच मीटर, रंगमंच सोळा फूट, म्हणजे बरोबर पुरते. प्रत्येकीला दोन मुलं, एक साडी वर जाताना दुसरी खाली. सगळ्यात महत्त्वाचं : साड्या आरुणीच्या मागे धरायच्या, पुढे नाही. आणि गुडघ्याच्या वर न्यायच्या नाहीत. पोरांना जोर चढतो, साडी डोक्यापर्यंत उडते आणि मागची सगळी मंडळी गायब. आरुणी खिंडारात पडला की लाटा एकदम थांबवायच्या. ती थांबण्याची वेळ तालमीत वीस वेळा करून घ्या. बाकी सगळं एकीकडे आणि तेवढा एक क्षण एकीकडे.

ए-४०५ : बेसमेंटमधली पांढरी वॅगन आर कोणाची आहे? टँकर आत येत नाहीये.

सी-६०४ : कपडे : धोतर नेसवत बसू नका, इलॅस्टिकची शिवलेली मिळतात. आत सुती हाफपँट हवीच. उपरण्याला खांद्यावर एक आणि कमरेला एक पिन, पिनेचं टोक बाहेरच्या बाजूला. आरुणी पाण्यात आणि उपमन्यू विहिरीत जातो, या दोघांना उपरणं नकोच, पायात येतं. रुद्राक्षाच्या माळा तुळशीबागेतून, पण दोरा बदलून घ्या. माळ तुटली की मणी रंगमंचावर आणि त्यावरून पुढचा नट घसरतो.

सी-६०४ : धौम्यांची दाढी स्पिरिट गमने चिकटवायची नाही. मुलांची कातडी लाल होते, काढताना रडारड. जाळीवर शिवलेली, कानामागून इलॅस्टिकची दाढी घ्या, मिशी वेगळी नको. त्यातच बोलून दोन तालमी करायच्या, कारण पहिल्यांदा सगळेच "वत्सा"चं "वफ्फा" करतात.

एफ-१०२ : अश्विनीकुमार येतात तेव्हा ड्राय आइसचा धूर सोडायचा का? भारी दिसेल.

डी-५०२ : बंद हॉलमध्ये नको. तो कार्बन डायऑक्साइड आहे, हवेपेक्षा जड, खाली साचतो. आणि तेव्हा उपमन्यू विहिरीत गुडघ्यावर बसलेला असणार. नेमका सगळ्यात खालचा माणूस.

ई-३०३ : धुराची गरज नाही. पिवळा पार लाइट (रंगमंचाचा झोताचा दिवा) आणि दोन झांजा पुरे. अश्विनीकुमार जुळे, म्हणून दोघं एकाच उंचीचे घ्या, चेहरे वेगळे असले तरी चालतं. मुकुट पुठ्ठ्याचे, डोक्याचा घेर मोजून. मोठा मुकुट नमस्कार करताना पडतोच. उपमन्यूला वरात मिळालेले सोन्याचे दात दाखवायला चॉकलेटची चांदी दाताला लावू नका, गिळली जाते. संवादात सांगितलं की झालं.

एफ-१०२ : विहीर?

ई-३०३ : पुठ्ठ्याचं अर्धगोल कडं, दोन फूट उंच, मागे मूल गुडघ्यावर. रंगमंचाच्या मागच्या कडेवरून खाली उडी मारायची आयडिया कुणीतरी काढणारच, तिला आत्ताच नाही म्हणतो. विहिरीतल्या आवाजासाठी मिक्सरवरचा इको वाढवू नका, छोट्या हॉलमध्ये माइक शिट्टी मारतो. मुलाने तोंडापुढे रिकामा माठ तिरका धरून बोलायचं. अश्विनीकुमारांच्या स्तुतीच्या चार ओळी त्या घुमणाऱ्या आवाजात ऐका, अंगावर काटा येतो.

सेक्रेटरी : संवाद रेकॉर्ड करून लावले तर? पाठांतराचा त्रास वाचेल.

ई-३०३ : एक मूल अडखळलं की ट्रॅक पुढे आणि पोरं मागे, परत जुळत नाही. लाइव्हच ठेवा. तीन हँगिंग माइक, सात फुटांवर. सूत्रधारांना हातात माइक. उघड्या अंगाला कॉलर माइक कुठे लावणार? माळेला लावला तर मणी खडखडतात. पहिल्या तीन तालमी बसून वाचन, मग जमिनीवर खडूने १६ बाय ८ आखून. रंगीत तालीम शुक्रवारी, शनिवारी नाही. चुका दुरुस्त करायला एक दिवस हवा.

बी-४०१ : पाद्यपूजा नाटकानंतर ना?

सी-६०४ : आधी काकू. नंतर मुलं घामाने भिजलेली, गुरुजींच्या पायांवर गेरू आणि मेकअपचा पॅनकेक. आधी दहा मिनिटं, परातीखाली जाड टॉवेल, लगेच फरशी कोरडी. लाइटच्या वायरी तिथूनच जातात. समई रंगमंचापासून सहा फूट लांब. कापूर हॉलमध्ये पेटवायचाच नाही, दाढीची जाळी आणि साड्या, दोन्ही भुर्रकन पेटतात.

बी-४०१ : एक सुचवू? अश्विनीकुमार उपमन्यूला अपूप (गोड खाऊ) देतात, तो म्हणतो आधी गुरूंना. तर त्या मुलाने खाली उतरून आपल्या गुरुजींच्याच हातात द्यावा! सगळ्यांच्या डोळ्यात पाणी येईल.

ए-१०१ आजोबा : काकू, भावना कळली, पण नको. तसं केलं की रंगमंचावरचे धौम्य म्हणजे आपले गुरुजी होतात, आणि मघाच्या सगळ्या उपाशी दिवसांचा हिशेबही त्यांच्याच नावावर जातो. अपूप धौम्यांनाच दाखवू दे.

डी-५०२ : शिवाय गुरुजींना गोड वर्ज्य आहे. आणि आंधळ्याचं सोंग करून दीड फुटावरून उतरणारं मूल हा वेगळाच प्रश्न.

सी-६०४ : अपूप म्हणून घारगा घ्या. अनारशाची खसखस सांडते, दुसऱ्या दिवशी हॉलभर मुंग्या.

बी-२०३ : आजोबा, तरी शेवट जड वाटतो. उपमन्यूला दृष्टी मिळते, गुरू आशीर्वाद देतात, पडदा. पोरं घरी जाऊन काय विचारतील ते मला दिसतंय.

ए-१०१ आजोबा : कारण तिसरा शिष्य सगळे विसरतात. वेद. त्याची ना नाट्यमय गोष्ट, ना चमत्कार. वर्षानुवर्षं बैलासारखा गुरूच्या घरी जुंपलेला, थंडी, ऊन, भूक, तहान सोसत. पुढे तो स्वतः गुरू झाला, त्याच्याकडे तीन शिष्य आले. मूळ ग्रंथ सांगतो की गुरुघरच्या कष्टांचं दुःख त्याला माहीत होतं, म्हणून त्याने शिष्यांना कधी "हे काम करा", "माझी सेवा करा" म्हटलं नाही. हा प्रवेश दोन मिनिटांचा. तीन मुलं येतात, वाकून उभी राहतात, "काय काम करू?" विचारतात. वेद थोडा वेळ त्यांच्याकडे बघतो. इथे घाई नको, मनात पाच अंक मोजायचे. मग एकच शब्द बोलायचा.

ई-३०३ : आणि त्या शब्दावरच लाइट घालवू नका. मुलं बसेपर्यंत ठेवा.

सेक्रेटरी : घेतला. वेद कोण करणार? बाकी सगळ्या भूमिका वाटून झाल्यात.

एफ-१०२ : आमची मुलगी करेल, पण तिला संवाद पाठ होत नाहीत हो. काय आहे तो शब्द?

ए-१०१ आजोबा : "बसा."