टिळकांच्या गीतावर कॉपीराइटचा दावा आला, आता मंडळीचं लाइव्ह बंद करायचं का?

कॅमेरेवाला_नगर

सर्वांना सलाम. नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेचं यूट्यूब लाइव्ह मी सांभाळतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चर्चला कुलूप लागलं तेव्हा पाळकसाहेबांनी माझ्या हातात मोबाइल दिला, तो अजून हातातच आहे. आता बाक भरतात (पुढच्या तीन रांगा सोडून, त्या आधीही कधी भरत नव्हत्या), तरी साठ-सत्तर जण लाइव्हवर असतात. कुणी पुण्या-मुंबईला गेलेले, दोन-तीन घरं आखातातली, आणि ज्यांना आता पायऱ्या चढवत नाहीत ते.

गेल्या महिन्यात मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं गीत चालू होतं. दुसऱ्या कडव्याला चित्र गेलं आणि नुसती पाटी आली. संध्याकाळी मेल: यावर एका म्युझिक कंपनीचा हक्क आहे. टिळक वारले १९१९ साली. त्यांच्या गीताला आता मालक कुठून आला?

यावर कमिटी बसली. खजिनदार म्हणाले, गाणी वगळा, फक्त संदेश, म्हणजे प्रवचन, दाखवा. सेक्रेटरी म्हणाले, लाइव्हच बंद करा, लोक अंथरुणात लोळत चहा पीत उपासना बघतात. पाळकसाहेब नेहमीप्रमाणे मधोमध.

माझी अडचण म्हणजे माझी आत्याआजी. श्रीरामपूरला असते, वय ८४, खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर. ती लाइव्ह बघत नाहीच, तिला दिसतं कुठे! उशाशी मोबाइल, छातीवर उघडं 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक, आणि ती गाते. गीतं सगळी पाठ आहेत, पुस्तक आपलं हाताला लागलेलं बरं वाटतं म्हणून. संदेशाला तिला झोप लागते, हे तिनंच सांगितलंय. पाळकसाहेबांपर्यंत जाऊ देऊ नका. गाणीच काढली तर तिला काय उरलं?

साउंडवाला_पिंपरी

आधी एक सांगा, त्या दिवशी ट्रॅक वाजवला होता का?

टिळकांचे शब्द केव्हाच मोकळे झालेत. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतो. पण कुणी ते गीत स्टुडिओत गाऊन घेतलं असेल तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तो कंपनीचा. यूट्यूबवर जुळणी मशीन करतं. त्याला टिळक कळत नाहीत, फक्त आवाज ओळखता येतो. धार्मिक विधीत गायला-वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण मशीन काही कायदा वाचत बसत नाही.

घाबरू नका. हा नुसता दावा आहे, स्ट्राइक (चॅनेलवरचा ठपका) नाही. तुम्ही स्वतः गायलं-वाजवलं असेल तर हरकत नोंदवा, समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. पण ट्रॅक वाजवला असेल तर नोंदवू नका, तिथे ते बरोबर आहेत.

दुसरं, आवाज मिक्सरमधून घेता ना? मग पाळकसाहेब, पेटी आणि पुढचे चार गाणारे एवढंच जात असणार. बाकांवरची मंडळी लाइव्हवर मुकी. मीही आमच्याकडे तीन वर्षं हेच करत होतो, कुणी बोललं नाही. एक माइक बाकांकडे तोंड करून लावा.

वसईची_सून

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे एक गोष्ट आधीच ठरलेली आहे. इंटरनेटवर संस्कार (बाप्तिस्मा, कम्युनियन वगैरे) होत नाहीत, हे व्हॅटिकनने २००२ सालीच लिहून ठेवलंय. लॉकडाऊनमध्ये सासूबाई टीव्हीसमोर मेणबत्ती लावून, चांगली साडी नेसून मिस्साला (आमच्या उपासनेला) बसायच्या. कम्युनियनच्या वेळी डोळे मिटून घ्यायच्या. चर्च उघडलं त्या रविवारी सगळ्यात आधी त्या तयार. म्हणजे लाइव्ह बघणारे सगळेच आळशी नसतात, सेक्रेटरींना सांगा.

पण भाऊ, गाण्यांपेक्षा मला दुसरीच काळजी वाटते. आजाऱ्यांसाठी नावं घेऊन प्रार्थना होते ना? ती लाइव्ह जाते का? माझ्या जावेच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. अल्तारावरून नाव घेतलं, काय आहे तेही सांगितलं. चर्चमध्ये सगळे आपलेच, तिथे काही वाटलं नाही. दुपारी कॅनडाहून नणंदेचा फोन, "आम्हाला का नाही सांगितलं?" आणि तो व्हिडिओ अजून तिथेच आहे. तेवढा भाग तरी बंद ठेवा.

निवृत्त_मास्तर

मी सेक्रेटरींच्या बाजूचा, पण पूर्ण नाही.

माध्यमाला घाबरणं आपल्या मंडळींना शोभत नाही. 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक १८४२ साली निघालं ते आपल्या नगरातूनच. विलायती चालींवर कसेबसे बसवलेले शब्द गाणाऱ्या मंडळीला टिळकांनी अभंग आणि ओवी दिली. माझ्या तरुणपणी तरुण संघानं गिटार आणली तेव्हा दोन महिने भांडण चाललं. आज तीच पोरं कमिटीत बसून कीबोर्डला नावं ठेवतात.

मला खुपतं ते वेगळं. लॉकडाऊनमध्ये प्रभुभोजन, म्हणजे पाव आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, ऑनलाइन झालं. घरात पाव नव्हता, म्हणून आमच्या जावयानं ग्लुकोजचं बिस्किट घेतलं. मी काही बोललो नाही, पण त्या दिवशी माझ्या घशाखाली काही उतरलं नाही. दुसरं म्हणजे, लाइव्ह आल्यापासून घरभेटी थांबल्या. "आजी बघतात ना लाइव्ह," म्हटलं की झालं. तुमच्या आत्याआजीकडे प्रभुभोजन घेऊन शेवटचं कोण गेलं होतं? लाइव्ह ठेवा, पण याचं उत्तर कमिटीत मागा.

कॅमेरेवाला_नगर

साउंडवाले दादा, पकडलंत. तबलजी लग्नाला गेलेला, म्हणून कीबोर्डवाल्या पोरानं पेनड्राइव्हवरून ट्रॅक लावला होता. मला माहीतच नव्हतं, मी कॅमेऱ्यामागे. हरकत नोंदवली नाही, तो व्हिडिओ काढून टाकला.

ताई, प्रार्थनेच्या वेळी आता पडद्यावर क्रूसाचं चित्र आणि आवाज बंद. एकानं तक्रार केली की लाइव्ह अडकतं. अडकू दे.

मास्तर, विचारलं. शेवटची भेट मागच्या ईस्टरच्या आधीची निघाली. बैठकीत कुणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी डायरीत पुढचा शनिवार लिहिला, गाडी मी नेतोय.

आणि परवाच्या रविवारी खिडकीच्या दांडीला बांधून एक माइक बायकांच्या बाकांकडे वळवला. तबलजी आला होता. उपासना संपून वायरी गुंडाळतोय तोवर श्रीरामपूरहून फोन. म्हटलं, आता आशीर्वाद मिळणार.

"का रे, ती प्रत्येक कडव्याला अर्धी ओळ मागे कोण असते? चौथ्या बाकावरची का? अजून तशीच गाते मेली!"