नाताळच्या सुट्टीत आजीपासून पहिलीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना चालतील असे विनोदी ख्रिसमस सिनेमे सुचवा

कोथरूडची_मावशी:
नाताळच्या सुट्टीत नणंद आणि धाकटी जाऊ मुलांसह आमच्याकडे मुक्कामाला आहेत. सगळ्यात लहान मूल पहिलीत, मोठी भाची नववीत. सासूबाईंना इंग्रजी फारसं कळत नाही, पण हॉलमध्ये सगळ्यांसोबत बसायला त्यांना फार आवडतं. रोज रात्री जेवणं झाली की एक सिनेमा लावायचा बेत आहे. कुणाला मान खाली घालावी लागू नये, आणि हसता हसता पोटात दुखावं! आमच्या घरी नाताळ नसतो, तरी हे सिनेमे मला दरवर्षी का ओढतात, तेही कुणी सांगितलंत तर आवडेल.

डेक्कनचा_पिटातला:
सुरुवात 'होम अलोन'नेच करा (१९९०, दिग्दर्शक ख्रिस कोलंबस). नाताळला सगळं कुटुंब पॅरिसला निघून जातं, धाकटा केविन शिकागोकडच्या घरी एकटाच राहतो आणि चोर येतात. शेवटच्या भागात चोरांची जी फजिती होते तिला भाषा लागतच नाही. बर्फाळ पायऱ्यांवरून घसरणं, दोरीला बांधलेले रंगाचे डबे तोंडावर आदळणं, सासूबाई सगळ्यांच्या आधी हसतील.

का आवडतात, यावर माझं मत ठाम आहे. या सिनेमांत पंचवीस डिसेंबर ही तारीख हलत नाही. त्या दिवशी प्रत्येकाला आपल्या माणसांत पोचायचं असतं आणि वाटेत सगळंच बिघडत जातं. दिवाळीच्या आदल्या दिवशी स्वारगेटला गावच्या एसटीत घुसायची जी धडपड, तीच ही धडपड. केविनची आई पॅरिसहून निघते ती डॅलस, स्क्रँटन करत शेवटी एका पोल्का बँडच्या गाडीत बसून शिकागोकडे येते. गंमत पोराची चाललेली असते, पण सिनेमाला पुढे ओढते ती आई.

आणि पोरगं घरी राहतं कसं, तेही नीट रचलंय. रात्री वीज जाते म्हणून सगळे उशिरा उठतात. डोकी मोजताना शेजारचा मुलगा चुकून मोजला जातो. केविनचं तिकीट तर आदल्या रात्रीच दूध सांडल्यावर कचऱ्यात गेलेलं असतं. आईबाप निष्काळजी वाटू नयेत, म्हणून लेखक जॉन ह्यूजने एवढं सगळं जुळवून आणलं. ते घाईचं प्रकरण पुन्हा बघताना मला दर वेळी नवं काहीतरी सापडतं.

कॅम्पातली_ताई:
आमच्या घरी नाताळ असतो. करंज्या, कुलकुल करायची गडबड, रात्री कॅरल म्हणत घरी येणारी मंडळी, चर्चला निघताना कुणाचा तरी न सापडणारा बूट. म्हणून सांगते, 'होम अलोन'मधला चर्चचा प्रसंग पुढे पळवू नका. ज्याला मुलं घाबरतात तो शेजारचा म्हातारा तिथे नातीचं गाणं ऐकायला आलेला असतो, कारण मुलाशी त्याचं बोलणं तुटलंय. एवढ्या धुमाकुळाच्या मधोमध तो शांत प्रसंग आहे, म्हणूनच शेवटी मन भरून येतं.

माझी पहिली पसंती मात्र 'आर्थर ख्रिसमस' (२०११, आर्डमन स्टुडिओ). सांताच्याच घरात तीन पिढ्या. आजोबांना जुनी रेनडिअरची गाडी प्यारी, थोरल्या मुलाचा सगळा भर यंत्रांवर, आणि एका मुलीची सायकल पोचवायची राहून जाते. थोरला म्हणतो, एवढ्या कोट्यवधींत एक राहिली तर काय झालं? धाकट्या आर्थरला ते सहनच होत नाही. एकत्र कुटुंबात बघायला याहून चांगला सिनेमा मला तरी माहीत नाही.

सदाशिव_पेठ_३०:
'एल्फ' (२००३) घ्या. सांताच्या बुटक्या मदतनिसांत वाढलेला उंच माणूस न्यूयॉर्कला वडिलांना शोधायला जातो. ते काम करणारा विल फेरेल पहिलीतल्या पोरांना हमखास आवडतो.

कोथरूडची_मावशी:
आर्थर तर पक्का! सासूबाईंना आजोबांचं भांडण लगेच पटेल. 'द मपेट ख्रिसमस कॅरल' लहानग्याला चालेल का?

कॅम्पातली_ताई:
चालेल, पण शेवटचं भूत येतं तेव्हा त्याला मांडीवर घ्या, जरा भीतीदायक आहे. सिनेमा १९९२चा, मूळ गोष्ट डिकन्सची, १८४३ची. भोवती सगळ्या बाहुल्या नाचत असताना मायकल केन कंजूस स्क्रूजचं काम अगदी गंभीरपणे करतो, आणि त्यामुळेच त्याचं बदलणं खरं वाटतं. सासूबाईंना गोष्ट आधी दोन मिनिटांत मराठीत सांगून ठेवा: कंजूस सावकार, एका रात्रीत तीन भुतं. मग त्यांना मध्येमध्ये विचारावं लागणार नाही.

डेक्कनचा_पिटातला:
'नॅशनल लॅम्पून्स ख्रिसमस व्हेकेशन' (१९८९) मात्र मुलं झोपल्यावर लावा. नातेवाइकांनी भरलेलं घर त्यात झकास दाखवलंय, पण शिव्या आहेत आणि काही विनोद मोठ्यांचे आहेत. 'होम अलोन'मध्येही थोरल्या भावाच्या खोलीत एक मासिक क्षणभर दिसतं, तेवढं लक्षात असू द्या. आणि सिनेमा संपल्याबरोबर इस्त्री व जिन्यावरचे खेळ नकोत हे पोरांना आधीच बजावून ठेवा. ती मारामारी स्टंट करणाऱ्या कलाकारांनी केलेली आहे, हे सांगितलं की मोठी मुलं उलट जास्त रस घेऊन बघतात.