‘धार मार’ म्हणजे धार लाव की धार घालव? पोर्टिंगच्या शब्दांबद्दल

मंडळी, एक शब्द उलटा समजल्यामुळे माझा सिलिंडर गेला, म्हणून हा धागा काढतोय. मी मिशिगनमध्ये असतो. गॅरेजात यामाहाची जुनी सुपरजेट आहे, उभं राहून चालवायची ती वॉटर स्कूटर, टू-स्ट्रोक, ७०१ सीसी, दोन सिलिंडर, बोअर (सिलिंडरच्या पोकळीचा व्यास) ८१ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६८ मिमी. (२०२१ पासून सुपरजेट फोर-स्ट्रोक झाली, त्यामुळे ही जुनी इंजिनं आता लोक जपून ठेवतात.) हिवाळ्यात इथली तळी गोठतात, तेव्हा म्हटलं इंजिन खोलू आणि पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली वायू येण्याजाण्याची तोंडं (पोर्ट) घासून सुधारणं, घरीच करू. शिकवणारे आमचे सांगलीचे काका, वडिलांचे मित्र, ज्यांचं सगळं आयुष्य आरएक्स १०० ची इंजिनं करण्यात गेलं. व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवायचो, ते सांगायचे तसं करायचो, आणि काम संपत आल्यावर ते म्हणाले, "आता सगळ्या पोर्टांची धार मार आणि बसव."

आता आपण रंग मारतो, पॉलिश मारतो, बोअर मारतो, म्हणजे ‘मारणे’ म्हणजे ती गोष्ट करणे, असंच माझ्या डोक्यात. मी बारीक कानस घेऊन प्रत्येक पोर्टाची कड छान टोकदार, चकचकीत केली. मे महिन्यात तळ्यावर गेलो, वीस मिनिटं मशीन मस्त पळालं, मग कर्रर्र असा आवाज आला आणि बंद. खोलून बघतो तर पिस्टनभोवतीची रिंग तुटलेली, आणि एक्झॉस्ट पोर्टाच्या वर बोअरमध्ये उभे ओरखडे, नख अडकेल इतके खोल.

काकांना फोटो पाठवला. म्हणाले, "अरे बाळा, धार मार म्हणजे धार घालव! सुरीची धार मेली म्हणतो ना आपण?"

कारण असं, की रिंग स्प्रिंगसारखी बाहेर ताणलेली असते. भिंत आहे तोवर ती दाबून राहते, पोर्टाच्या उघड्या जागेसमोर आली की किंचित बाहेर फुगते, आणि पुढे जाताना समोर तीक्ष्ण कड आली की तिथेच अडकते. म्हणून कड थोडी गोल करून ठेवायची.

तर तुमच्याकडे ‘धार मारणे’ कुठल्या अर्थाने वापरतात? आणि ‘पोर्ट’ला वापरात चालेल असा मराठी शब्द आहे का? ‘छिद्र’ मला अजिबात पटत नाही, छिद्र म्हटलं की टाचणी आठवते, इथे तर अंगठा आत जातो.

* * *

दादा वाईट वाटलं वाचून. आमच्या घरात तरी तुमच्या काकांचाच अर्थ चालतो, लहानपणी विळीने पुठ्ठा कापायला घेतला की आई ओरडायची, "धार मारशील तिची!" धार आणायची असेल तर धार लावणे किंवा धार काढणे. पण गंमत म्हणजे माझा मावसभाऊ लेथवर काम करतो, तो ‘धार मारून आण’ म्हणतो ते टूल घासून तीक्ष्ण करून आण या अर्थाने, म्हणजे तुम्ही समजलात तेही चूक नव्हतं. आमचे सुतार या कामाला ‘कड मोडणे’ म्हणतात, फळी रंधून झाली की पॉलिश पेपरने कड मोडायची म्हणजे हाताला लागत नाही. त्यात गोंधळाला जागाच नाही, ती मोडायचीच असते.

* * *

मी आयटीआयला शिकवायचो, म्हणून थोडं लिहितो. पुस्तकी मराठीत ‘द्वार’ असतं, आणि व्हॉल्व्हला ‘झडप’. मुलं परीक्षेत द्वार लिहायची आणि वर्कशॉपमध्ये पोर्टच म्हणायची. पण पोर्टला झडप म्हणू नका, झडप हलते, पोर्ट जागेवर असतं, हलतो तो पिस्टन.

मुळात हा शब्द लॅटिन ‘पोर्टा’वरून आला, अर्थ दरवाजा. बंदर या अर्थाचा पोर्ट ‘पोर्टुस’वरून, आणि नंबर पोर्ट करतो त्यातला पोर्ट ‘पोर्टारे’वरून, म्हणजे वाहून नेणे. तिघांचं मूळ एकच, आणि आपला संस्कृत ‘पार’ही त्याच कुळातला. बोटीवर तर आणखी घोळ, तिथे पोर्ट म्हणजे डावी बाजू. त्यामुळे तुमच्या स्कूटरवर कोणी ‘पोर्ट साइडचा सिलिंडर’ म्हणालं तर आधी विचारून घ्या.

* * *

सर म्हणतात तसं द्वारच आहे ते, पण द्वार कशाला, आपल्याकडे सरळ ‘दारं’ आहे की. आमचं ऊसाचं रान आहे, रात्री लाईट आली की मोटर चालू करून दारं धरायला जायचं. पाटातून पाणी येतं, एका सरीचं तोंड उघडायचं, ती भरली की माती ओढून बंद करायचं आणि पुढचं उघडायचं. वेळ चुकली की एक सरी फुटते आणि दुसरी कोरडी राहते. मला इंजिनातलं फार कळत नाही पण तुमचा पिस्टन हेच करतोय असं वाटतं.

* * *

धागा काढला त्याचं चीज झालं. दारं धरणे! मी सांगलीचा असून मला हे सुचलं नाही. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनची वरची कडाच दारं उघडते आणि बंद करते, त्यामुळे पिस्टन दारं धरतो हे अक्षरशः खरं आहे.

आणि यातून एक मोठा गुंता सुटतो. इंग्रजीत पोर्ट म्हटलं की बोअरमध्ये दिसणारं तोंडही आलं आणि मागची वाटही आली. आपण तोंडाला ‘दार’ म्हणू आणि वाटेला ‘पाट’. ‘पोर्टिंग केलंय’ सांगणाऱ्या निम्म्या लोकांनी फक्त पाट घासून गुळगुळीत केलेला असतो, त्याने वाहणं थोडं सुधारतं, दार उघडायची वेळ बदलत नाही. वेळ बदलते दाराची उंची बदलल्यावर. एक्झॉस्टचं दार पिस्टन वरच्या टोकाला असल्यापासून क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) ९० अंश फिरल्यावर उघडत असेल तर ते एकूण १८० अंश उघडं राहतं. तिथे ते १ मिमी वर नेलं तर माझ्या ६८ च्या स्ट्रोकला साधारण ३.४ अंश वाढतात, आरएक्स १०० चा स्ट्रोक ५० चा, तिथे तेवढ्याच घासण्याने साडेचार अंशांच्या वर जातात. म्हणून काका सारखे म्हणायचे ‘कागदाएवढं घे, कागदाएवढं’, आणि मला वाटायचं किती घाबरतात हे.

दारं उघडण्याचा क्रमही तसाच. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्टचं दार उघडतं, जळलेला वायू निघून दाब उतरतो, आणि मग ट्रान्सफरची दारं उघडून खालून ताजं मिश्रण वर येतं. या मधल्या वेळाला इंग्रजीत ब्लोडाउन म्हणतात, मी ‘उतार’ म्हणायला लागलोय, दाब उतरायला दिलेला वेळ. तो कमी पडला तर जळलेला वायू उलटा ट्रान्सफरच्या पाटात शिरतो. पण म्हणून एक्झॉस्ट उंच उंच नेत बसायचं नाही, बाईकला गिअर असतात, वॉटर स्कूटरला नसतात, इंजिन थेट पंपाला जोडलेलं. वरच्या आरपीएमला ताकद आणि खाली काहीच नाही असं झालं तर लाटेवरून उडी मारायच्या वेळी मशीन उठतच नाही.

दारांचा नकाशा घ्यायला काकांची पद्धत फार आवडली. बोअरमध्ये आतून कागद गुंडाळून चिकटवायचा आणि पेन्सिल आडवी घासायची, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसं. कागद उलगडला की सगळी दारं ओळीने समोर. काका याला ‘ठसा घेणे’ म्हणतात. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही ठसे मी जपून ठेवलेत, तुटलेल्या रिंगसोबत.

ब्लॉक आता बोअरला टाकून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा करून आणला, वरच्या साइझचा पिस्टन घेतला. बोअर मारताना जुन्या गोल केलेल्या कडाही निघून जातात, सगळ्या दारांना पुन्हा तेच काम. काल बसवायच्या आधी फोन केला आणि शब्द बदलून विचारलं, "काका, कड मोडू ना?"

म्हणाले, "मोड. वरची आणि खालची जास्त, बाजूच्या थोड्या. आणि बोट फिरवून बघ, डोळ्यावर जाऊ नको."