बाहेर जाणारी पॅकेटंही अडवायची का? छोट्या ऑफिसच्या लिनक्स गेटवेवरून वाद

तापीकाठ
सावदा-रावेरकडची केळी खरेदीची ऑफिसं घ्या, जळगाव एमआयडीसीतल्या दालमिल घ्या किंवा धरणगाव-चोपड्याकडच्या जिनिंग. इंटरनेट आणि ऑफिस यांच्यामधल्या गेटवेची, म्हणजे दारावरच्या मशीनची, मांडणी बहुतेक एकच असते: जुना पीसी, दोन नेटवर्क कार्डं, वर डेबियन लिनक्स. एका बाजूला फायबरचं पीपीपीओई (लॉगिन करून जोडलं जाणारं कनेक्शन), दुसऱ्या बाजूला वीस-तीस मशीन, वायफाय आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर. पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, सोडायचा की अडवायचा ते सांगणारे फायरवॉलचे रूलही ठरलेले. इनपुट चेनची, म्हणजे खुद्द गेटवेकडे येणाऱ्या पॅकेटांच्या रूलयादीची, पॉलिसी (कुठलाच रूल जुळला नाही तर लागणारा निकाल) ड्रॉप, म्हणजे न सांगता टाकून देणं; आणि गेटवेतून पार जाणाऱ्यांच्या फॉरवर्ड चेनमध्ये आतून बाहेर जाणाऱ्या सगळ्याला एका ओळीत ॲक्सेप्ट.

माझं म्हणणं, ती एक ओळ काढा. फॉरवर्डची पॉलिसीही ड्रॉप ठेवा आणि जे लागतं तेवढंच नाव घेऊन सोडा. वेबसाठी टीसीपीचे ८० आणि ४४३ हे पोर्ट (सेवांचे नंबर), मेलसाठी ४६५, ५८७, ९९३, बस. डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) आणि वेळ, म्हणजे ५३ आणि १२३, गेटवेनेच पुरवायचे, आतल्या मशीनला थेट बाहेर जाऊ द्यायचं नाही. डीव्हीआरला बाहेर काहीच नाही. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने हेच डीव्हीआर आणि कॅमेरे फॅक्टरीच्या पासवर्डवर, लांबून लॉगिन करायच्या टेलनेटच्या २३ आणि २३२३ पोर्टवरून ताब्यात घेतले आणि त्यांनाच दुसऱ्यांवर सोडलं. आत बसलेलं मशीन बिघडलं की इनपुटचा ड्रॉप काही कामाचा नाही.

रूलचा क्रम महत्त्वाचा. एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) आयनेट टेबल घ्या, म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (जुन्या आणि नव्या पद्धतीचे पत्ते) दोन्ही एकाच फाइलीत येतात. फॉरवर्डमध्ये सगळ्यात वर एमएसएस क्लॅम्प (एका टीसीपी पॅकेटात किती डेटा मावेल ती मर्यादा खाली आणणारा रूल), त्याखाली एस्टॅब्लिश्ड-रिलेटेडला, म्हणजे आधीच जुळलेल्या कनेक्शनच्या पॅकेटांना, ॲक्सेप्ट, मग इन्व्हॅलिडला (कशाशीच न जुळणाऱ्याला) ड्रॉप, मग परवानग्या, शेवटी लॉग (नोंद) आणि रिजेक्ट (नकार कळवून अडवणं). क्लॅम्प वरच का? पीपीपीओईचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा मोठ्यात मोठा आकार, १४९२ बाइट, म्हणजे आयपीव्ही४ चा एमएसएस १४५२ च्या वर जाता कामा नये. बाहेर जाणारा सिन, म्हणजे कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट, कनेक्शन ट्रॅकिंगला (चालू कनेक्शनांच्या नोंदवहीला) न्यू दिसतो, पण परत येणारा सिन-ॲक, म्हणजे त्याचं उत्तर, एस्टॅब्लिश्ड असतो. क्लॅम्प खाली ठेवला तर तो सिन-ॲक वरच्या वर ॲक्सेप्ट होऊन निघून जातो आणि एकाच दिशेचा एमएसएस बदलतो. मग पिंग चालतो, छोटी पानं उघडतात आणि मोठी फाइल चढवायला घेतली की अडकते. लोक दोष लाइनला देतात.

लॉग आणि रिजेक्ट वेगवेगळ्या ओळीत लिहा. मिनिटाला १० ची लिमिट, लॉग आणि रिजेक्ट एकाच रूलमध्ये ठेवले तर लिमिटच्या वरच्या पॅकेटला तो रूल लागूच होत नाही, ते खाली पॉलिसीवर जाऊन गुपचूप ड्रॉप होतं. आणि आतल्यांना रिजेक्टच द्या, टीसीपीला रिसेट. लिनक्सचा सिन ड्रॉप झाला तर वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा पाठवला जातो, ॲप दोन मिनिटांहून जास्त लटकतं. रिजेक्ट मिळाला की तिथल्या तिथे समजतं. ड्रॉप बाहेरून येणाऱ्यांसाठी राखून ठेवा.

अमळनेरी
तापीकाठचे आप्पा, क्लॅम्पचं पटलं. मुद्द्याचं नाही पटलं.

४४३ उघडा ठेवलात ना? मग बाकी कुलपं कशाला? व्हायरस काय, स्क्रीन शेअरिंगचं सॉफ्टवेअर काय, व्हीपीएन काय, सगळे आज ४४३ वरूनच जातात. ५३ बंद केलं तर ब्राउझर डीएनएसही ४४३ वरूनच विचारू शकतो. पॅकेट फिल्टर पत्ता, पोर्ट आणि फ्लॅग (पॅकेटवरच्या खुणा) बघतो. ठिबकचा फिल्टर गाळ-शेवाळ अडवतो, पाण्यात विरघळलेलं खत अडवत नाही. ४४३ मधून जाणारं सगळं विरघळलेलंच आहे.

आणि खर्च बघा. व्हिडिओ मीटिंग आली की यूडीपी (पोच न मागता पाठवायची पद्धत) ३४७८ पोर्ट मागते, मिळाला नाही तर टीसीपीवर येते आणि आवाज तुटतो. बँकेचं एखादं जुनं सॉफ्टवेअर भलत्याच पोर्टवर चालतं. दर वेळी फोन येणार, "नेट बंद आहे." दोन महिन्यांत कोणीतरी वैतागून फॉरवर्डच्या डोक्यावर ॲक्सेप्टची ओळ टाकणार आणि ती तिथेच राहणार. कडक दिसणारी पण आतून उघडी फाइल सरळ उघड्या फाइलीपेक्षा वाईट, कारण ती वाचणारा निर्धास्त राहतो.

माझा हिशोब उलटा. नेटवर्क तोडा. हिशोबाची मशीनं एका व्हीलॅनमध्ये (त्याच वायरिंगवरचं वेगळं आभासी नेटवर्क), डीव्हीआर दुसऱ्यात, पाहुण्यांचं वायफाय तिसऱ्यात. एकातून दुसऱ्यात काही नाही, म्हणजे पाहुण्याचा मोबाइल गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरच्या ४४५ ला, म्हणजे फाइल शेअरिंगच्या पोर्टला, हात लावू शकत नाही. बाहेरच्या दिशेला फक्त नक्की घाण तेवढी बंद: मेलचा २५, टेलनेटचे २३, २३२३, विंडोजचे १३५ ते १३९, ४४५. बाकी जाऊ द्या. पंधरा ओळींत काम होतं आणि ते टिकतं.

तापीकाठ
व्हीलॅनला विरोध नाहीच. पण स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, लागतो, आणि अशा ऑफिसात तो क्वचितच सापडतो. शिवाय एकाच व्हीलॅनमधल्या दोन मशीनचं आपसातलं बोलणं गेटवेपर्यंत येतच नाही. तिथे दोघांचेही रूल सारखेच बिनकामाचे.

४४३ चं म्हणाल तर अडवणं हा अर्धाच फायदा. दुसरा अर्धा लॉग. परवानगीची यादी छोटी असली की लॉगमध्ये येणारी प्रत्येक ओळ काहीतरी सांगते. एकाच मशीनच्या २५ किंवा २३ वरच्या सिनने लॉग मिनिटामागून मिनिट भरत राहिला तर ते मशीन आजारी आहे हे समजायला दुसरी तपासणी लागत नाही. तुमच्या पद्धतीत तुम्ही आधीच ओळखलेलीच घाण दिसणार.

मीटिंगवाल्या मशीनांचा नेम्ड सेट (नाव दिलेली पत्त्यांची यादी) करा, त्यालाच ३४७८ सोडा. नवीन मशीन आलं की सेटमध्ये एक पत्ता वाढवायचा, रूलला हात लावायचा नाही.

एरंडोलकर
दोघंही हाताने फाइल लिहायचं गृहीत धरून बोलताय. साध्या माणसाने यूएफडब्ल्यू किंवा फायरवॉलडीसारखं सोप्या कमांडवरून रूल लिहून देणारं साधन वापरलं तर काय बिघडलं? पुढचा माणूस तरी वाचू शकेल.

अमळनेरी
एका मशीनच्या सर्व्हरला काही बिघडत नाही. गेटवेला बिघडतं, कारण यूएफडब्ल्यूमध्ये नॅट (आतल्या सगळ्या मशीनना बाहेर एकच पत्ता लावणं) लिहायचं तर बिफोर-रूल्सची फाइल हातानेच उघडावी लागते. मग सोय कुठे राहिली?

त्याच पीसीवर कोणी डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) चढवला तर आणखी वेगळं. डॉकरने पोर्ट पब्लिश केला की प्रीराउटिंगमध्येच, म्हणजे पॅकेट येताक्षणी, डीनॅट होतं (पोचायचा पत्ता बदलतो), पॅकेट इनपुटकडे न जाता फॉरवर्डकडे वळतं. यूएफडब्ल्यू म्हणतं पोर्ट बंद, बाहेरून मात्र उघडा. असा रूल डॉकर-युजर चेनमध्येच टाकावा लागतो, नाहीतर पब्लिश करतानाच पत्ता १२७.०.०.१, म्हणजे त्याच मशीनपुरता, द्या.

साक्रीवाला
भाऊ, मी काय म्हनस, हा गोंधळ लिनक्सच्या घरचा आहे. एकाच हुकवर, म्हणजे पॅकेटच्या वाटेवरच्या एकाच नाक्यावर, तीन जणांच्या तीन चेन. एनएफटेबल्समध्ये तुमच्या चेनने ॲक्सेप्ट म्हटलं तरी त्याच हुकवर पुढच्या प्रायॉरिटीची दुसरी बेस चेन असेल तर पॅकेट तिच्यातूनही जातं, आणि तिथला ड्रॉप अंतिम. डॉकर स्वतः फॉरवर्डिंग चालू करतो तेव्हा फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप करून ठेवतो. मग तुम्ही आपल्या फाइलीत ॲक्सेप्ट शोधत बसा.

पीएफ, म्हणजे बीएसडी या लिनक्सहून वेगळ्या सिस्टमचा पॅकेट फिल्टर, बघा. ओपनबीएसडी ३.० सोबत २००१ च्या डिसेंबरात आलं, फ्रीबीएसडीतही आहे. एक फाइल, एक क्रम. स्टेट (कनेक्शनची नोंद) ठेवायला वेगळं सांगावं लागत नाही. सेट ब्लॉक-पॉलिसी रिटर्न लिहिलं की आप्पांचा रिजेक्ट सगळीकडे लागू. बाहेर जाणाऱ्यांची यादी तर इतकी छोटी होते की हा वादच उरत नाही.

फक्त एक खड्डा. लिनक्समध्ये पहिला जुळणारा रूल जिंकतो, पीएफमध्ये शेवटचा. सवयीने ब्लॉक ऑल तळाला लिहिलंत तर वरचे सगळे पास वाया. ब्लॉक वर लिहा, पास खाली. मध्येच निकाल लावायचा तिथे क्विक. आणि एकही रूल जुळला नाही तर पीएफ पॅकेट सोडून देतं, म्हणून वरची ब्लॉकची ओळ विसरू नका.

एरंडोलकर
जळगावात ओपनबीएसडी सांभाळणारा माणूस शोधून द्या, उद्याच बसवतो 😄

भुसावळ_जंक्शन
आत-बाहेर नंतर भांडा. आधी मशीन उठल्यावर रूल चढतात का ते बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको, आणि त्या पीसीचा यूपीएस बहुधा आधीच मेलेला असतो. म्हणजे हा गेटवे वर्षातून शेकड्याने रीबूट होणार.

डेबियनमध्ये एनएफटेबल्सची सर्व्हिस नेटवर्क उठण्याच्या आधी चालते. ते बरोबरच आहे. पण त्या क्षणी पीपीपी० नावाचा इंटरफेस (पीपीपीओईची लाइन) अस्तित्वातच नसतो. रूलमध्ये आयआयएफ (पॅकेट कुठल्या इंटरफेसवरून आलं ते) लिहिलं असेल तर ते लोड करताना इंटरफेसचा नंबर शोधतं, तो सापडत नाही आणि अख्खी फाइल नाकारली जाते. अर्धी चढत नाही, एकही ओळ चढत नाही. आयआयएफनेम लिहा. ते फक्त नाव जुळवतं, इंटरफेस नंतर आला तरी चालतं.

तसंच रूलमध्ये डोमेनचं नाव. आप्पांची परवानगीची यादी हातात आली की लोकांना हा मोह होतोच, "फक्त अमुक साइट सोडा." नाव लोड करतानाच एकदा पत्त्यात बदलतं. बूटच्या वेळी डीएनएस नाही, म्हणजे पुन्हा फाइल नापास. आणि नंतर हाताने चढवली तरी साइट सीडीएनवर (अनेक साइटांच्या सामाईक सर्व्हरांवर) असेल तर पत्ता बदलला की परवानगी भलत्याच्याच नावावर.

फाइल नापास झाली की कर्नलमध्ये रूल शून्य, म्हणजे सगळं ॲक्सेप्ट. आयपीव्ही४ ला नॅट नसल्यामुळे नेट बंद पडतं, तेवढं तरी लक्षात येतं. आयपीव्ही६ मात्र मजेत चालू राहतं आणि आतलं प्रत्येक मशीन बाहेरून थेट दिसतं. उपाय असा: फॉरवर्डिंगची (पॅकेटं पार जाऊ देण्याची) सेटिंग सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या, फाइलीतून काढा आणि एनएफटेबल्सच्या सर्व्हिसला ड्रॉप-इन (जोडफाइल) जोडून एक्झेकस्टार्टपोस्टमध्ये (सर्व्हिस नीट उठल्यावरच चालणाऱ्या ओळीत) टाका. रूल चढले तरच फॉरवर्डिंग चालू.

आयपीव्ही६ साठी अजून दोन गोष्टी. आयसीएमपीव्ही६ (नेटवर्कचे आपसातले निरोप) सरसकट बंद करू नका. त्यातले टाइप १३३ ते १३६ बंद केले तर शेजारचं मशीनच सापडत नाही. टाइप २, म्हणजे पॅकेट टू बिग, तर सोडलाच पाहिजे, कारण आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेट तोडून देत नाही. दुसरं, इनपुटमध्ये यूडीपी ५४६ उघडा. डीएचसीपीव्ही६ ची (आयपीव्ही६ पत्ता मागायची) विनंती मल्टिकास्टला, म्हणजे एका गटाला, जाते आणि उत्तर एफई८० ने सुरू होणाऱ्या स्थानिक पत्त्यावरून येतं. ट्रॅकिंगला त्या दोघांचं नातं कळत नाही, एस्टॅब्लिश्ड म्हणून ते सुटत नाही.

तापीकाठ
५४६ चा मुद्दा भारी. माझ्या वरच्या यादीत तो धरा. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरचा गेटवे असेल तर घड्याळाची बॅटरीही नाही, म्हणून आउटपुटमध्ये (गेटवेतून निघणाऱ्या पॅकेटांच्या चेनमध्ये) १२३ गेटवेला तरी सोडाच. तारीख मागे राहिली की सर्टिफिकेट नापास.

साक्रीवाला
लांबून रूल बदलताना स्वतःलाच बाहेर काढून घेणारे खूप. ऑफिस शिरपूरला आणि तुम्ही नाशिकला, मग कोणाला फोन करणार?

आधी फक्त तपासा. पीएफला पीएफसीटीएल मायनस एन मायनस एफ, तिकडे लिनक्सला एनएफटी मायनस सी मायनस एफ. मग परतीची सोय: सिस्टमडी-रनला (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या कमांडला) ऑन-ॲक्टिव्ह ३०० सेकंद देऊन जुनी फाइल परत चढवण्याचं काम लावून ठेवा. फ्लशचं (सगळे रूल पुसायचं) नको, फ्लशने नॅटही जातं. नवीन फाइल चढवल्यावर चालू एसएसएच (लांबून केलेलं लॉगिन) तसंच राहिलं म्हणून खूश होऊ नका, ते एस्टॅब्लिश्डवर जिवंत आहे. दुसऱ्या खिडकीतून नवं एसएसएच जोडून बघा. जमलं तर टायमर रद्द करा, नाही जमलं तर पाच मिनिटं चहा प्या.

अमळनेरी
त्याचीच उलटी बाजू आप्पांच्या यादीला लागते. परवानगी काढली तरी चालू कनेक्शन चालूच राहतं. लिनक्समध्ये एस्टॅब्लिश्ड टीसीपीची नोंद गप्प बसली तरी डिफॉल्टने ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस टिकते. डीव्हीआरचं बाहेरचं बोलणं रूलने बंद केलं आणि स्क्रीनवर लाइव्ह चित्र तसंच, असं होतं. कॉनट्रॅक मायनस डी ला त्या मशीनचा पत्ता देऊन नोंद उडवा. पीएफमध्ये पीएफसीटीएल मायनस के.

आणि फ्लश रूलसेट फाइलीच्या डोक्यावर लिहिण्याची सवय सोडा. डॉकरचे किंवा फेलटूबॅनचेही (चुकीच्या लॉगिनवाल्यांना अडवणाऱ्या प्रोग्रामचे) रूल त्यात धुऊन जातात. फक्त आपलं टेबल पुसा: आधी रिकामं टेबल जाहीर करायचं, मग डिलीट, मग पूर्ण लिहायचं. टेबल आधी नसलं तरी डिलीट चुकत नाही आणि सगळं एकाच झटक्यात बदलतं.

एरंडोलकर
मग ठरलं काय? यादी करून सोडायचं की घाण तेवढी अडवायची?

तापीकाठ
माझं तेच. सुरुवातीला आठवडाभर शेवटच्या रिजेक्टच्या जागी फक्त आतून बाहेर जाणाऱ्याला ॲक्सेप्ट ठेवा, पण वरची लॉगची ओळ राहू द्या. काय काय अडलं असतं ते आधीच दिसेल. त्यावरून यादी करा, मग ती ॲक्सेप्टची ओळ काढून रिजेक्ट परत टाका. प्रत्येक रूलला काउंटर (किती पॅकेटं जुळली ते मोजणारा) जोडा. महिन्याने ज्याच्यापुढे शून्य असेल तो रूल काढून टाका.

अमळनेरी
आठवड्याचा लॉग घ्या, चांगलं आहे, पण तो आठवडा मार्चअखेरचा घ्या. केळीवाल्याचा आणि जिनिंगवाल्याचा सीझन वेगळा. जे सॉफ्टवेअर वर्षातून एकदा उघडतं ते एरवीच्या आठवड्यात दिसणारच नाही. आणि काउंटर रीबूटला शून्यावर येतात, भुसावळवाल्यांनी लाइटचं सांगितलंच आहे. काल संध्याकाळी लाइट गेली असेल तर तुमच्या निम्म्या रूलसमोर आज शून्य दिसेल. काढायचेच असतील तर एनएफटी लिस्ट रूलसेटचं आउटपुट दर तासाला क्रॉनने (वेळापत्रकाने काम चालवणाऱ्या प्रोग्रामने) फाइलीत टाका आणि त्यात वर्षभर एकदाही न हललेलेच काढा.