ऑनलाइन प्रश्नमंजुषेतील गुण मूल्यमापनात धरावेत का?

प्रश्न

नमस्कार. मी सातवीला गणित शिकवते. घटक संपला की काहूट किंवा क्विझिझ (आताचे नाव वेग्राउंड) या ऑनलाइन मंचांवर दहा प्रश्नांची प्रश्नमंजुषा घेते. मुले त्यात रंगून जातात. एरवी तोंड न उघडणारीही उत्साहाने भाग घेतात. आता हेच गुण आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकता शिकता वेळोवेळी होणाऱ्या मूल्यमापनात, नोंदवावेत, असे सुचवले जात आहे. मला खटकते ते एवढेच की, वहीत एकेक पायरी नेटकेपणाने मांडणारी मुले गुणफलकावर बरीच खाली दिसतात. हे गुण ग्राह्य धरावेत का, आणि धरायचे झाल्यास कोणत्या स्वरूपात?

उत्तर १

गुणफलकावरील गुण मुळीच धरू नयेत. काहूटमध्ये नेहमीच्या प्रश्नाला जास्तीत जास्त १००० गुण असतात आणि बरोबर उत्तराचे गुण वेळ जाईल तसे घटत निम्म्यावर येतात. म्हणजे २० सेकंदांच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दुसऱ्या सेकंदाला दिल्यास ९५०, तर तेच उत्तर अठराव्या सेकंदाला दिल्यास ५५० गुण मिळतात. आता दोन मुले घ्या: पहिला दर वेळी दुसऱ्या सेकंदाला उत्तर देतो, दुसरा अठराव्या. पहिल्याची दहापैकी सात उत्तरे बरोबर आली, तर त्याचे ६६५० गुण होतात. दुसऱ्याची दहाच्या दहा बरोबर येऊनही त्याचे ५५०० होतात. बोनस गुण बाजूला ठेवले, तर फलकावर पहिलाच वर राहील. खेळ म्हणून यात काही वावगे नाही, पण प्रगतिपुस्तकात ही तफावत कशी समर्थनीय ठरणार?

खेळ संपल्यावर जो अहवाल उतरवून घेता येतो, त्यात कोणी कोणता पर्याय निवडला हे प्रश्नवार दिसते. उपयोगाचा आहे तो हा अहवाल.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे. मात्र पर्याय विचारपूर्वक रचलेले नसतील, तर अहवालही मुका राहतो. ‘०.४, ०.३५ आणि ०.१२५ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती?’ हा प्रश्न पाहा. वरवर तो ठीक वाटतो. परंतु ‘दशांशचिन्हापुढे जितके कमी अंक तितकी संख्या मोठी’ अशी चुकीची समजूत असलेले मूलही येथे ०.४ निवडून पूर्ण गुण मिळवते. त्याऐवजी ०.३, ०.३५ आणि ०.२७८ असे पर्याय द्या. आता कमी अंकांना मोठे मानणारा ०.३ वर जाईल, २७८ हा आकडा पाहून फसणारा ०.२७८ वर जाईल, आणि स्थानिक किंमत समजलेला बहुधा ०.३५ निवडेल. वर्गातील निम्मी मुले ०.२७८ वर गेली, तर उद्याच्या तासाला काय शिकवायचे हे आपोआप ठरते, आणि माझ्या मते आकारिक मूल्यमापनाचे प्रयोजन तेच आहे.

शिवाय चार पर्यायांच्या दहा प्रश्नांत निव्वळ अंदाजाने ठोकली, तरी सरासरी अडीच उत्तरे बरोबर येतात. त्यामुळे काठावरच्या मुलाविषयी एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

उत्तर ३

सर्वांकडे उपकरणे नसतील, तर प्लिकर्स पाहावे. प्रत्येक मुलाला वेगळ्या आकृतीचे कागदी कार्ड मिळते. ते ज्या बाजूने वर धरले जाते त्यावरून उत्तर ठरते आणि शिक्षक आपल्या फोनच्या कॅमेऱ्याने साऱ्या वर्गाची उत्तरे टिपतात. त्यात वेगाला गुण नसल्याने घाईघाईत उत्तर देण्याचे कारण उरत नाही. (शेजाऱ्याचे पाहून कार्ड फिरवणारे मात्र असतातच, अक्षरे बारीक छापलेली असली तरी डोळे तीक्ष्ण असतात.)

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. परंतु काहीतरी नोंद तर दाखवावीच लागेल. ती कशी करावी?

उत्तर १

नोंदीसाठी तीच प्रश्नमंजुषा थेट वर्गात न खेळवता स्वाध्याय म्हणून द्या आणि प्रश्नाचे घड्याळ बंद ठेवा. दोन्ही मंचांवर तशी सोय आहे. नोंद करताना केवळ बरोबर उत्तरांची संख्या घ्या आणि तिच्या जोडीला दोन प्रश्नांची रीत वहीत लिहून घ्या. त्या दोहोंत मोठी तफावत दिसली, तर त्या मुलाला तोंडी विचारून मगच गुण नोंदवा.