मदत हवी आहे : आजाराची माहिती शोधायची आहे, पण ती घरच्या टॅबवर उमटू नये. कोणतं सर्च इंजिन वापरू?

पाणवठा (धागाकर्ती)

नमस्कार. जाणकारांनी जरा लवकर मदत करावी, म्हणून मुद्द्याचंच लिहिते.

आमच्या आप्पांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघालाय. वय ७४. घरात हे फक्त मला आणि भावाला माहीत आहे. आप्पांना "गिळायला त्रास होतोय, तिथे गाठ आहे, उपचार सुरू करायचेत" इतकंच सांगितलंय. सगळे रिपोर्ट हातात आले की डॉक्टर स्वतः त्यांच्याशी बोलणार आहेत. त्यांनी ते डॉक्टरांच्या तोंडून, आम्ही दोघं शेजारी बसलेले असताना ऐकावं, अशी माझी फार इच्छा आहे. पडद्यावर वाचून कळायला नको.

मी रात्री माझ्या फोनवर केमो, रेडिएशन, नळीतून द्यायचा आहार, खर्च असं सगळं शोधत असते. आप्पा दिवसभर हॉलमधल्या टॅबवर कीर्तनं आणि नाट्यपदं ऐकतात. परवा त्यांच्या हरिपाठाच्या खाली लगेच 'अन्ननलिकेच्या कॅन्सरची शेवटच्या टप्प्यातली लक्षणं' असा व्हिडिओ सुचवलेला दिसला. चहा द्यायला गेले म्हणून नजरेस पडला. चार्जिंगला लावते असं सांगून मी टॅब उचलला. त्यांनी पाहिला का, कळायला मार्ग नाही. ते काही बोललेले नाहीत.

दुसरा त्रास फोनचा. एका साइटवर उपचाराचा अंदाजे खर्च बघायला मोबाइल नंबर सक्तीचा होता. तो दिल्यापासून फोन थांबत नाहीत. पलीकडची मुलगी सरळ "पेशंटची स्टेज कोणती?" विचारते. माझा फोन बऱ्याचदा आप्पांच्या शेजारीच पडलेला असतो.

डकडकगो, ब्रेव्ह, स्टार्टपेज ही नावं ऐकून आहे. यातलं मराठीत नीट चालतं असं कोणतं? आणि सर्च इंजिन बदललं की हे सगळं थांबेल का?

चकमक

ताई, आधी एक सांगा. टॅबवर गुगलचं खातं कोणाचं आहे? तुमचंच असेल तर सर्च इंजिनचा विषय नंतर बघू.

पाणवठा

हो, माझंच. टॅब माझा जुना आहे, आप्पांना दिला तेव्हा खातं तसंच ठेवलं.

चकमक

मग मूळ दुखणं तिथे आहे. फोन आणि टॅब दोन असले तरी कंपनीच्या लेखी माणूस एकच. रात्री फोनवर जे शोधता, त्यावरून सकाळी टॅबवर काय सुचवायचं ते ठरतं.

आजच्या आज टॅबवरून तुमचं खातं काढा आणि आप्पांच्या नावाचं नवीन खातं घाला. सुरुवातीला टॅब अगदी कोरा वाटेल. त्यांची नेहमीची कीर्तनं शोधून त्या चॅनेलांना सबस्क्राइब करून ठेवा, एक-दोन दिवसांत त्यांना हवं तेच वर यायला लागेल.

त्यानंतर तुमच्या खात्याच्या 'अ‍ॅक्टिव्हिटी' पानावर जा. सर्चचा इतिहास आणि व्हिडिओचा इतिहास वेगवेगळा ठेवलेला असतो. एक पुसला आणि दुसरा राहिला तर उपयोग नाही, दोन्ही पुसा आणि नोंद ठेवणं दोन्हीकडे थांबवा. सगळा इतिहास घालवायचा नसेल तर निदान तीन महिन्यांनी आपोआप पुसला जाईल असं लावा.

झाडोरा

चकमक यांनी सांगितलंय ते सगळं कराच. मी याहून निकडीचं विचारते. रिपोर्टचे फोटो फोनवर काढलेत का? आणि फोटोंचा बॅकअप त्याच खात्यावर आहे का? असेल तर टॅबवरचं फोटो अ‍ॅप उघडलं की बायॉप्सीचा कागद पहिल्या ओळीत दिसेल. माझ्या सासूबाईंच्या वेळी आमच्या लक्षात हे नातवंडांचे फोटो दाखवताना आलं.

पाणवठा

देवा. बॅकअप चालूच होता. आत्ता उठून टॅबवरचं खातं काढून आले. फोटो अ‍ॅपमध्ये सगळ्यात वर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि त्याखाली सीटी स्कॅनचं पाकीट होतं. झाडोराताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

रानवाट

आता सर्च इंजिनकडे येतो, कारण तो प्रश्नही रास्त आहे.

या पर्यायांकडे बघताना आधी एक विचारायचं, की निकाल येतात कुठून? अख्ख्या वेबची सूची स्वतः करणं प्रचंड खर्चाचं काम आहे, म्हणून बहुतेक जण दुसऱ्याची सूची वापरतात. डकडकगो २००८ पासून आहे, त्याचे नेहमीचे निकाल मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. स्टार्टपेज नेदरलँड्सचं आहे. ते तुमचा प्रश्न तुमची ओळख काढून गुगलकडे नेतं आणि निकाल आणून देतं. ब्रेव्ह सर्च २०२१ मध्ये आलं, त्याची सूची स्वतःची आहे. ब्रिटनचं मोजीक त्याच्याही कितीतरी आधीपासून स्वतःची सूची चालवतंय. कागी पैसे घेऊन चालतं, त्यामुळे तिथे जाहिरातीच नाहीत.

मराठीसाठी माझं मत स्पष्ट आहे : स्टार्टपेज. देवनागरीत 'अन्ननलिका कर्करोग आहार' असं टाकून प्रत्येक ठिकाणी बघा. जिथे गुगलचे निकाल मिळतात तिथे मराठी पानं वर येतात. ब्रेव्हवर इंग्रजीत उत्तम काम होतं, मराठीत मात्र लवकरच हिंदी पानं मिसळायला लागतात. डकडकगोवर सेटिंगमध्ये प्रदेश 'भारत' निवडा, थोडा फरक पडतो. मोजीक मराठीसाठी मी सुचवणार नाही. यात त्यांचा दोष नाही. कोणत्या प्रश्नावर लोक कोणत्या दुव्यावर टिचकी मारतात, त्यावरून निकाल सुधारत जातात, आणि मराठीतले बहुतेक सगळे प्रश्न एकाच दारात, म्हणजे गुगलकडे जातात. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये काही सर्च-माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यावी असा आदेशही दिला. त्याचा लाभ मराठीपर्यंत पोचावा असं मनापासून वाटतं.

स्टार्टपेजचा तुमच्या कामाचा आणखी एक भाग आहे. प्रत्येक निकालाशेजारी 'अनामिक दृश्य' असा पर्याय असतो. त्यातून पान उघडलं की ते त्यांच्या सर्व्हरवरून येतं, त्या साइटला तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) दिसत नाही. पान जरा सावकाश उघडतं, पण रुग्णालयांची आणि खर्चाची माहिती वाचायला पुरेसं आहे.

कोणावरच डोळे मिटून विश्वास ठेवू नका, हेही सांगतो. डकडकगोच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर (आपण काय बघतो याची नोंद घेणारे कोड) अडवले जात नव्हते, कारण मायक्रोसॉफ्टशी झालेल्या करारात तशी अट होती. मे २०२२ मध्ये एका संशोधकाने ते उघडकीला आणलं आणि ऑगस्टपर्यंत कंपनीला धोरण बदलावं लागलं. स्टार्टपेजमध्ये २०१९ मध्ये एका जाहिरात कंपनीशी संबंधित गुंतवणूक आली, त्यावरूनही बरीच चर्चा झाली होती. तरी आजार शोधायला मी आजही तेच वापरतो.

कोरीपाटी

एवढं घाबरायचं कारण नाही असं मला वाटतं. कंपन्यांकडे आपलं नाव नसतं, नुसता एक क्रमांक असतो. आणि इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची गुप्त खिडकी, आहेच की.

रानवाट

कोरीपाटी, या क्रमांकाची गोष्ट २००६ मध्येच उघडी पडली आहे. एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध जाहीर केले. नावं काढून क्रमांक घातले होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वार्ताहरांनी काही दिवसांतच त्यातल्या एका क्रमांकामागची वयस्क बाई घरी जाऊन गाठली. तिने आपल्या गावातले माळी शोधले होते, आपल्या आडनावाची माणसं शोधली होती, दुखणीखुपणी शोधली होती. ओळख पटायला तेवढं पुरलं.

इनकॉग्निटो तुमच्या फोनवर खुणा ठेवत नाही, इतकंच. साइटला तुम्ही दिसताच. त्यावरून २०२० मध्ये गुगलवर अमेरिकेत दावा झाला, आणि २०२४ च्या तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गुगलने कबूल केलं. तरीही ताईंना ते उपयोगी आहे. गुप्त खिडकीत खात्यात लॉगिन केलं नाही, तर शोध त्यांच्या खात्याच्या इतिहासात चढत नाही.

घाटमाथा

मी काही वर्षं पुण्यात जाहिरात-तंत्रज्ञानाच्या कंपनीत होतो. सर्च इंजिन बदललं की सगळं थांबेल का, या पाणवठाताईंच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. का, ते आतून बघितलंय म्हणून लिहितो.

तुम्ही एखादं आरोग्याचं पान उघडता. पान पूर्ण दिसायच्या आत त्यावरची जाहिरातीची जागा लिलावाला जाते. लिलावासाठी एक संदेश अनेक कंपन्यांकडे एकाच वेळी जातो. त्यात काय असतं? पानाचा पूर्ण पत्ता, तुमचा आयपी, फोनचं मॉडेल, भाषा आणि तुम्हाला आधी दिलेली ओळखखूण. अ‍ॅप असेल तर फोनचा जाहिरात-आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक), आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. साधारण १०० मिलिसेकंदांत बोली लागते. जिंकणारा एकच असतो, पण संदेश हरलेल्यांनाही मिळालेला असतो. आणि पानाचा पत्ता नीट बघा : आजाराचं नाव बऱ्याचदा त्या पत्त्यातच लिहिलेलं असतं. तिथपर्यंत तुम्ही कोणत्या सर्च इंजिनवरून आलात, याने या टप्प्यावर काहीच फरक पडत नाही.

रुग्णालयांच्या साइटही यातून सुटलेल्या नाहीत. 'द मार्कअप' या अमेरिकन शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नावाजलेल्या १०० रुग्णालयांच्या साइट तपासल्या, तेव्हा ३३ ठिकाणी मेटाचा (फेसबुकच्या कंपनीचा) पिक्सेल, म्हणजे माहिती तिकडे पाठवणारा छोटा कोड, सापडला. अपॉइंटमेंटचं बटण दाबलं की माहिती तिकडे जात होती. २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने औषधांवर सवलत मिळवून देणाऱ्या गुडआरएक्सला आरोग्याची माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याबद्दल १५ लाख डॉलरचा दंड लावला.

तुम्ही असं करा. फोनवर फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्स्टेन्शन घाला (अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये चालतं), डिफॉल्ट सर्च स्टार्टपेज करा आणि आजाराशी संबंधित वाचन तिथेच करा. नेहमीचा ब्राउझर बाकीच्या कामांना राहू द्या. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात जाहिराती, तिथे जाहिरात-आयडी डिलीट करता येतो. होम स्क्रीनवरची शोधपट्टी ब्राउझर बदलला तरी जुन्याच सर्च इंजिनकडे जाते, म्हणून ती काढून तिथे फायरफॉक्सची पट्टी लावा. रात्री दमलेलं असताना हात सवयीने तिकडेच जातो.

सांजवेळ

फोनकॉलबद्दल. १९०९ वर इंग्रजीत 'स्टार्ट', मग जागा सोडून ० असा एसेमेस करा, डीएनडी (विक्रीचे फोन आणि एसेमेस बंद करायची सोय) पूर्ण चालू होईल. पण त्या फॉर्मखाली 'संपर्क करायला माझी संमती आहे' अशी बारीक ओळ बहुधा असणारच, आणि तिचा आधार घेऊन ते फोन करत राहतील. म्हणून त्या साइटला ईमेल करा : संमती मागे घेत आहे, माझा नंबर आणि पेशंटची माहिती पुसून टाका, ज्यांना दिली त्यांनाही कळवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. त्यामुळे आज बडगा नाही, पण लेखी मागणी हातात असलेली बरी. साध्या दहा आकडी नंबरवरून विक्रीचा फोन आला तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक संस्थेच्या) डीएनडी अ‍ॅपमध्ये तक्रार टाका. नोंदणीकृत जाहिरातदारांसाठी १४० ची मालिका आहे, साध्या नंबरवरून त्यांनी फोन करणं नियमात बसत नाही.

तोवर ओळखीच्या नंबरांखेरीज सगळे कॉल सायलेंट करा. रुग्णालयाचा, लॅबचा आणि डॉक्टरांच्या मदतनिसाचा नंबर मात्र आठवणीने सेव्ह करा, नाहीतर त्यांचेच फोन चुकतील.

झाडोरा

विषय थोडा वेगळा आहे, पण लिहावंसं वाटतं. खूप दिवस लपवू नका. आमच्या सासूबाईंना आमच्या कुजबुजीवरूनच अंदाज आला होता आणि त्या आमच्याचसाठी गप्प बसल्या होत्या.

पाणवठा

झाडोराताई, पटतं. पेट स्कॅनचा रिपोर्ट येऊ दे, त्याच आठवड्यात डॉक्टर बोलणार आहेत. तेवढ्यापुरतंच थांबलोय.

आतापर्यंत केलेलं सांगते. टॅबवर आप्पांचं खातं घातलं, कीर्तनांचे चॅनेल जोडून दिले. माझ्या खात्याचा सर्च आणि व्हिडिओ दोन्ही इतिहास पुसला. फोनवर फायरफॉक्स, यूब्लॉक आणि स्टार्टपेज लावलंय. नळीतून द्यायच्या आहाराबद्दल मराठीत शोधलं तर पहिल्याच पानावर कामाचं मिळालं. संमती मागे घेतल्याचा ईमेलही गेलाय.

एकच राहिलंय. आप्पा टाइप करत नाहीत, माइकवर बोलून शोधतात. उद्या त्यांनी स्वतःच "गिळताना त्रास कशामुळे होतो" असं विचारलं तर?

चकमक

ते अडवता येणार नाही ताई, आणि माझ्या मते अडवूही नये. तो त्यांचा प्रश्न आहे. डॉक्टरांची वेळ जमलं तर अलीकडे घ्या.

पाणवठा

बरोबर आहे. सकाळी डॉक्टरांना फोन करते.