हाताने ओतलेल्या गोळ्या: वजन करून निवडल्याने ग्रुप खरंच सुधारतो का?

मापटं

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण आधी सगळा तपशील देतो, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात "अंतर किती?" येणार.

रिव्हॉल्वर .३२ एस अँड डब्ल्यू लाँग काडतुसाचं, सहा चेंबरचं (चेंबर म्हणजे काडतूस बसायचं भोक). गोळ्या ओतायचा साचा दोन घरांचा, वॉडकटरचा, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीचा. कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते म्हणून मला ती आवडते. साच्यावर ९८ ग्रेन (जवळपास ६.३५ ग्रॅम) लिहिलंय. मिश्रण वीस भाग शिसं, एक भाग कथील. नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकून काढला आणि मोजला: गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांपाशी .३१२ इंच. खाचा पाच आहेत, त्यामुळे साध्या मायक्रोमीटरला समोरासमोर टेकायला जागाच मिळत नाही, व्ही-ॲन्व्हिलवाला लागतो. (टूलरूममध्ये आयुष्य गेलं, असली हत्यारं घरातच आहेत.) सहाही चेंबरची तोंडं .३१४ आहेत, म्हणून गोळ्याही .३१४ च्या डायमधून काढल्या. परवाना, क्लबची परवानगी सगळं रीतसर आहे. बंदुकीच्या दारूचं माप सगळ्या काडतुसांत एकच ठेवलंय. या दोन्हींवरून धागा भरकटवू नका.

२०० गोळ्या ओतल्या. डोळे मिटून ४० बाजूला काढल्या, त्या "जशा आल्या तशा". उरलेल्या १६० एकेक करून तोलल्या. ९६.४ पासून ९८.९ ग्रेनपर्यंत पसरलेल्या निघाल्या. ९८.२ च्या अलीकडे-पलीकडे ०.३ ग्रेनपर्यंतच्या ९९ ठेवल्या, ६१ नापास केल्या.

मग २५ मीटरवर, वाळूच्या पिशवीवर मनगट टेकून, नळी कशालाही लागू न देता, पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचे पुंजके, जितके लहान तितके चांगले. दर ग्रुपला नवा कागद, नेम दरवेळी काळ्या वर्तुळाच्या तळाशी. साईटला हात लावला नाही. सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत:

निवडलेल्या: ३४, ५८, ३६, ४९ मिमी.
न निवडलेल्या: ५७, ५२, ६१, ४८ मिमी.

सरासरी ४४ विरुद्ध ५४.५. मला तर वजनाचा फायदा उघड दिसतोय. पण ५८ कुठून आला? आणि १६० गोळ्या तोलायला दोन संध्याकाळी गेल्या. हे दरवेळी करायचं का?

बारुदखाना

शिसं मऊ आहे. लायनोटाइप (छपाईच्या खिळ्यांचा कडक मिश्रधातू) घाला, ५८ गायब होईल.

शिसेवाली

@बारुदखाना, दुखणं न विचारता औषध? .३२ वॉडकटर ही हळू जाणारी गोळी. तिला कडक धातू दिला की बूड फुगून नळीला घट्ट बसत नाही, मग कडेने गॅस निसटतो आणि शिसं वितळवून नळीला चिकटवतो. मापटं, आधी सांगा: नळीत शिसं साचतंय का, आणि कुठे? सुरुवातीला, चेंबरच्या बाजूला साचत असेल तर मापात घोळ. तोंडाकडे साचत असेल तर वंगण पुरत नाहीये.

आता तुमच्या वजनाबद्दल. मी बरीच वर्षं ओततेय आणि वजनाचा काटा कधीच विकून टाकलाय (बरं, विकला नाही, स्वयंपाकघरात नेला). गोळीचं बूड बघा, बूड! नळीतून बाहेर पडताना गॅसचा शेवटचा धक्का बुडाला बसतो. ते एका बाजूला जरी गोल झालेलं असेल, तर धक्का तिरका बसतो आणि गोळी तिथूनच वाकडी निघते. फ्रँकलिन मॅन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मुद्दाम बुडं बिघडवलेल्या आणि मुद्दाम नाकं बिघडवलेल्या गोळ्या झाडून हे तपासलं होतं, निष्कर्ष १९०९ साली छापले. नाक चेपलेलं गोळी बरंच सहन करते. बूड चेपलेलं सहन करत नाही.

बुडाच्या काठाला टाचणीच्या टोकाएवढा खळगा असेल तर त्याचं वजन किती? तुमच्या काट्याला कळणारही नाही. उलट पोटात बरोब्बर मध्यावर बुडबुडा राहिलेली गोळी काट्यावर नापास होईल आणि २५ मीटरवर गुमान मध्यात जाऊन बसेल.

मी काय करते: टेबलदिवा डाव्या हाताला, गोळी बूड वर करून चिमटीत, आणि दिव्याखाली हळूच फिरवायची. काठावर प्रकाशाची एक अखंड रेघ फिरली पाहिजे. रेघ कुठे तुटली की गोळी कढईत परत. एका गोळीला तीन सेकंद. तुमच्या साच्याचं शिसं ओतायचं भोक बुडाच्या बाजूला असेल, तर साच्यावरची, जादा शिसं कापणारी पट्टी फिरवायची घाईही करू नका. शिसं गोठायच्या आत फिरवली तर बुडाच्या मधोमध फाटल्यासारखा खड्डा पडतो. ओतल्यावर वरचं डबकं चकाकी सोडून मंद होतं, त्यानंतर मनात पाच मोजून मग पट्टी.

सुरकुत्या असतील तर साचा थंड होता. पिठूळ पांढरट झाल्या असतील तर गरम होता, पण त्याने नेमबाजीत काही बिघडत नाही, नुसत्या दिसायला वाईट. सुरकुत्यावाल्या मात्र सरळ परत.

आणि साचा दोन घरांचा आहे ना? दोन्ही घरं सारखी असतात असं कुणी सांगितलं? तुमचा अडीच ग्रेनचा पसारा कदाचित दोन वेगवेगळ्या ढिगांचा असेल. एका घराच्या आत, नाकाच्या जागी, सुईने अगदी हलका ओरखडा काढा. मग प्रत्येक गोळी स्वतःच सांगेल ती कुठल्या घरची.

जाता जाता, कढईवर खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका, आणि परत टाकायच्या गोळ्या पुसून कोरड्या असल्याशिवाय टाकू नका. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं छतापर्यंत उडतं. माझ्या छतावर पुरावा आहे.

शेवटचा_बाक

मापटं साहेब, मोजणी सुंदर केलीत, पण आकड्यांना अर्थ आहे का ते कुणी बघायचं?

पाच गोळ्यांचा ग्रुप हा फार लहरी प्राणी. गोळ्या, हत्यार, माणूस, सगळं तेच ठेवून नुसते ग्रुप काढत राहिलात तरी माप सरासरीच्या साधारण पाव हिश्शाने इकडे-तिकडे होतच राहतं. तुमची सरासरी पन्नासच्या आसपास, म्हणजे बारा-तेरा मिमीची हेलकावणी फुकट मिळते. चार ग्रुपची सरासरी घेतली की ती निम्मी होते, पण तुम्ही दोन सरासरींची वजाबाकी करताय, तिथे पुन्हा वाढते. आठ-नऊ मिमीचा फरक नुसत्या नशिबाने पडू शकतो. तुमचा फरक दहाचा. यावर मी दोन संध्याकाळी लावणार नाही, एक कप चहा लावीन.

दुसरं म्हणजे, लांबच्या दोन भोकांचं अंतर घेताना उरलेल्या तीन गोळ्यांचं म्हणणं तुम्ही ऐकतच नाही. पाचातल्या तीन साक्षीदारांना घरी पाठवणारा न्यायाधीश कसा? प्रत्येक भोकाचं ग्रुपच्या मध्यापासूनचं अंतर मोजा आणि त्याची सरासरी काढा.

तिसरं, आणि हे आज रात्रीच करता येईल. नेम दरवेळी तोच होता, साईट हलवली नाही म्हणता. कागद टाकून दिले नसतील तर बटर पेपर घ्या. आठही कागदांचं मधलं वर्तुळ जुळवत एकेक कागद खाली सरकवा आणि चाळीसही भोकं एकाच बटर पेपरवर उतरवा. निवडलेल्या निळ्या शाईने, बाकीच्या लाल. मग चष्मा लावून बघा.

मापटं

शिसेवाली ताई, नळीत शिसं अगदी नगण्य. घरांचा मुद्दा मात्र मनाला लागला. टूलरूमवाल्याने दोन कॅव्हिटी सारख्या धरून चालावं, ही लाजेची गोष्ट. साचा मोजला. एका घराची गोळी सरासरी ०.८ ग्रेनने हलकी निघते.

बाक साहेब, तुमचा न्यायाधीश मी सहन केला. कागद आहेत (मी काहीच टाकत नाही, बायकोला विचारा). काल जेवण झाल्यावर बटर पेपर घेऊन बसलो.

चाळीसपैकी चौतीस भोकं मध्यावर गर्दी करून, निळी-लाल एकमेकांत मिसळलेली. आणि सहा भोकं खाली उजवीकडे, वेगळी चूल मांडून. दोन निळी, चार लाल. मध्यापासून साधारण ३५ मिमीवर. मधल्या जागेत जवळपास काहीच नाही.

परत एकेक कागद बघितला. ३४ आणि ३६ च्या ग्रुपमध्ये खाली उजवीकडे भोक नाही. बाकी सहा ग्रुपमध्ये प्रत्येकी एक, फक्त एक. माझा हात थरथरत असेल तर तो दर ग्रुपला मोजून एकदाच आणि त्याच दिशेला कसा थरथरेल? बुडाचा दोष असेल तर गोळ्या चारी दिशांना जायला हव्यात ना? मला काही सुचेना.

शेवटचा_बाक

सहा भोकं, चेंबर किती म्हणालात?

जुना_नेमबाज

सहा चेंबर, भरता पाच. कुठला रिकामा ठेवता?

मापटं

कुठलाही. हाताला येईल तो.

जुना_नेमबाज

मग झालं. चेंबरवर मार्करने नंबर टाका. एका चेंबरमधून पाच, मग दुसऱ्यातून पाच. प्रत्येकाचा कागद वेगळा. सहा चेंबर म्हणजे एका नळीला जोडलेली सहा हत्यारं, हे रिव्हॉल्वरवाले पहिल्या दिवशी शिकतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. आणि क्रम १ ते ६ असा सरळ ठेवू नका, तिसाव्या गोळीपर्यंत हात दमतो, मग दमलेल्या हाताचा दोष सहाव्यावर जातो. मित्राला चिठ्ठ्या काढायला लावा.

मापटं

आज सकाळी केलं. सहा नंबर, सहा चिठ्ठ्या. गोळ्या न निवडलेल्या, फक्त ताईंच्या दिवा-परीक्षेत पास झालेल्या.

१, २, ३, ५, ६: सगळ्यांचे मध्य एकमेकांपासून सात-आठ मिमीच्या आत. ४ नंबरचा ग्रुप ३२ मिमी, म्हणजे स्वतःपुरता झकास, पण अख्खाच्या अख्खा खाली उजवीकडे, ३५ मिमीवर. हत्यार इतका वेळ सांगत होतं आणि मी गोळ्यांची नाडी बघत होतो.

४ चं तोंड परत मोजलं. .३१४, बाकीच्यांसारखंच. म्हणजे व्यास ठीक, पण चेंबरचं चक्र फिरून कुलूप बसल्यावर तो चेंबर नळीच्या सरळ रेषेत येत नसावा. नळीतून चेंबरपर्यंत सरळ जाते की नाही ते बघायची गेजची सळई असते. मला लेथवर तासभरात ती काढता येईल, पण दुरुस्तीला हात लावणार नाही. ते काम गनस्मिथचं. तोवर ४ रिकामा ठेवून पाचच भरतोय, यावेळी नंबर बघून.

मग त्या जुन्या चाळीसातली ४ नंबरची सहा वगळली आणि बाक साहेब सांगतात तसं मध्यापासूनचं सरासरी अंतर काढलं. निवडलेल्या १८ गोळ्या: १२.४ मिमी. न निवडलेल्या १६: १३.१.

शेवटचा_बाक

०.७ मिमी! वजनाच्या दोन संध्याकाळींची मजुरी. आता तो एक कप चहासुद्धा लावत नाही.

बारुदखाना

मी अजूनही म्हणतो लायनोटाइप.

शिसेवाली

@बारुदखाना, झोपा आता.

मापटं, हलकं पडणारं घर कुठलं ते कळलं असेल तर दोन्ही घरच्या गोळ्या वेगळ्या डब्यात ठेवा, एवढी निवड पुरे. आणि नापास केलेल्या ६१ फेकू नका, दिव्याखाली बघा. त्यातल्या बहुतेक त्या हलक्या घरच्याच असणार.

मापटं

ताई, त्या ६१ मी त्याच संध्याकाळी वितळवून टाकल्या.